किती सांगायचं आणि कुठे थांबायचं: समुपदेशन, शॉप फ्लोअर आणि मुलाखतीच्या टेबलावरचे अनुभव

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा मानसशास्त्रात एमए करून पहिल्या नोकरीवर येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात एक वाक्य घट्ट बसलेलं असतं: समुपदेशक सल्ला देत नाही. हे वाक्य लिहिलं की परीक्षेत मार्कही मिळतात. मग पहिल्याच आठवड्यात समोर एखाद्या मावशी येऊन बसतात, सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "ते सगळं खरं हो मॅडम, पण मी आता करू काय तेवढं सांगा की." इथे पाठ केलेलं उत्तर चालत नाही.

मी सुरुवात केली ती सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात. नोकरी कंत्राटी, खोली लहान, बाहेर बाकावर रांग. पुढे एका कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात गेले आणि आता भरतीच्या पॅनेलवरही बसते. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच येत राहिला: समोरच्याला सरळ सांगायचं की त्याच्याकडून काढून घ्यायचं? अभ्यासक्रमात याला डायरेक्टिव्ह आणि नॉन-डायरेक्टिव्ह अशी दोन नावं आहेत आणि नव्या मुलांना ते दोन पक्ष वाटतात, त्यातला एक चांगला आणि एक वाईट. माझं मत वेगळं आहे. आपण दिशा नेमकी कशाला देतोय, हे आधी बघावं. संभाषणाला देतोय, कामाला देतोय की माणसाच्या निर्णयाला? पहिल्या दोन गोष्टींना बिनधास्त द्यावी. तिसरीला हात लावताना शंभरदा विचार करावा.

थोडा इतिहास माहीत असला की घोळ कमी होतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ई. जी. विल्यमसन विद्यार्थ्यांना करिअरबद्दल मार्गदर्शन करत. त्यांचं पुस्तक १९३९चं. पद्धत सरळ होती: मार्क, चाचण्या, घरची माहिती गोळा करा, निदान करा, पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज बांधा आणि मग विद्यार्थ्याला स्पष्ट सांगा. १९४२मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी याच्या अगदी उलट बाजू मांडली. माणसाला स्वतःचं उत्तर सापडू शकतं, समुपदेशकाने तसं वातावरण द्यावं, असा त्यांचा आग्रह. त्या पुस्तकात त्यांनी एका केसच्या सगळ्या मुलाखती रेकॉर्ड करून शब्दशः छापल्या. त्या काळात हे धाडसच होतं, कारण समुपदेशक खोलीत खरोखर काय बोलतो ते पहिल्यांदा उघड्यावर आलं. पुढे रॉजर्स यांनी 'नॉन-डायरेक्टिव्ह' हे नाव मागे टाकलं आणि 'क्लायंट-सेंटर्ड' म्हणायला लागले. हे शेवटचं वाक्य बरीच मुलं वाचतच नाहीत.

दुसऱ्या टोकाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. १९५५च्या सुमाराला त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत आपल्याकडे कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत चांगली रुजली. एलिस वाद घालायचे, गृहपाठ द्यायचे, क्लायंटचं वाक्य तिथल्या तिथे पकडायचे. "सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे" यातल्या 'च'वर बोट ठेवायचे. याहून डायरेक्टिव्ह काय असणार? पण नीट बघा, ते विचार करण्याच्या पद्धतीवर हल्ला करतात. नोकरी सोड किंवा धर, हे सांगणं त्यात येत नाही.

भारतातला पेशंट तर 'सांगा' म्हणूनच येतो. जे. एस. नेकी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७३मध्येच गुरू-चेला हे नातं उपचारासाठी नमुना म्हणून वापरता येईल का, याचा विचार मांडला होता. आपल्या माणसाला कुणा मोठ्या माणसाने वाट दाखवावी ही अपेक्षा असते, ती नाकारून गप्प बसलात तर त्याला वाटतं, यांना काही येत नाही किंवा यांना आपलं पडलेलं नाही. म्हणून नुसतं मान हलवत "तुम्हाला काय वाटतं?" विचारत राहणं हा माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात निरुपयोगी प्रकार. दोनदा विचारलंत की मावशी चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

आयसीटीसीतला एक संवाद देते. कुणा एकाचा नाही, बऱ्याच जणांचा मिळून. माणूस पस्तिशीचा, रिपोर्ट नुकताच हातात आलेला.

"ताई, घरी सांगू का नको?"

"त्याआधी दोन गोष्टी पक्क्या ऐका. गोळ्या सुरू होतात, एआरटी सेंटरवर (एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर) फुकट मिळतात, रोज ठरलेल्या वेळी घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. आणि आजपासून कंडोमशिवाय संबंध नाही. कळलं? मला परत सांगा बरं."

तो सांगतो. मग मी विचारते, "आज रात्री घरी कोण कोण असेल? तुमच्या मनात काय चाललंय हे कुणाला कळेल?" त्यानंतर बायकोचा विषय. तिला कळायला हवं आणि तिची तपासणी व्हायला हवी, हे मी आडपडदा न ठेवता सांगते. पण कधी, कोणत्या शब्दांत, एकट्याने की इथे माझ्यासमोर, हे त्याच्याकडून येऊ देते. कधी कधी आम्ही सराव करतो. मी बायको होते, तो बोलतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरुवात करतो.

इथे माहिती देताना आणि क्रम ठरवताना मी पूर्ण डायरेक्टिव्ह आहे. निर्णयाचा जो भाग त्याला जगायचा आहे, तिथे मी मागे सरकते. याला कायद्याचीही चौकट आहे, ती नोकरीच्या पहिल्या दिवशी वाचा. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे तपासणीला माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. जोडीदाराला खरा धोका असेल आणि समुपदेशन करूनही रुग्ण सांगणार नाही अशी खात्री झाली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात, पण तसं करणार हे रुग्णाला आधी सांगून. हे स्वातंत्र्य आहे म्हणून घाई करू नका. बाईच्या बाबतीत घरी मारहाणीची भीती असेल तर कायदाही त्याची दखल घेतो.

एका ठिकाणी मात्र आडवळण नकोच. समोरचा "आता काही अर्थ नाही" म्हणत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल तर कसं, कधी, साधन हाताशी आहे का, हेही विचारायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सोबत घ्यायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ हवा.

व्यसनाच्या केसमध्ये अजून एक तिसरी वाट आहे आणि ती शिकायला वेळ लागतो. विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये दारूच्या रुग्णांबद्दल लिहिताना एक साधी गोष्ट दाखवली: समुपदेशक 'सोड' म्हणून जितका जोर लावतो, तितका रुग्ण 'का सोडू नये' हे बोलत जातो, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं त्याला पटत जातं. म्हणून प्रश्नच असा टाकायचा की बदलाची बाजू रुग्ण मांडेल.

"दारू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांगा."

"असेल चार."

"चार? एक का नाही म्हणालात?"

आता तो स्वतःच सांगायला लागतो. पोरगी बोलत नाही, पोट दुखतं, उधारी झाली. "दहा का नाही?" असं विचारलंत तर तोच माणूस दारूची वकिली करेल. वरवर हा मोकळा प्रश्न, पण उत्तर कोणत्या अंगाला जाणार हे तुम्ही ठरवलंय. स्टीफन रोलनिक यांच्यासोबत मिलर यांनी पुढे ही पद्धत वाढवली, प्रेरक मुलाखत या नावाने तुम्हाला ती सिलॅबसमध्ये भेटेल.

कारखान्यात आले तेव्हा सगळी गणितं बदलली. तिथे नव्या ट्रेनीला "तुला काय वाटतं?" विचारणं धोक्याचं. प्रेस मशीनवर काम करण्याआधी सुपरवायझर ट्रेनीला कसा सांगतो ते ऐका: "मेन आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद कर. कुलूप लाव. चावी तुझ्या खिशात, कुणाला द्यायची नाही. टॅगवर नाव आणि वेळ लिही. हवेचा काटा शून्यावर आला का बघ. आता स्टार्टचं बटण दाब. सुरू होत नाही ना? मग हात घाल." छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच काम. शेवटचं बटण दाबून बघणं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच नवी पोरं गाळतात. इथे समजावून घेणं, मत विचारणं, सगळं नंतर, चहाच्या वेळी.

तोच सुपरवायझर वीस वर्षं मशीनवर असलेल्या ऑपरेटरशी असं बोलला तर? माणूस तोंडावर काही बोलणार नाही, पण पुढे मशीनमधून वेगळा आवाज आला तरी सांगायला येणार नाही. रॉबर्ट हाऊस यांनी १९७१मध्ये नेतृत्वाबद्दल हेच मांडलं: काम धूसर असेल तर सूचना देणारा नेता हवाहवासा वाटतो, काम स्पष्ट आणि माणूस जाणकार असेल तर त्याच सूचना जाच वाटतात. पाटण्याचे जे. बी. पी. सिन्हा यांनी १९८०मध्ये भारतीय कार्यालयांसाठी याला एक जोड दिली. आपल्याकडे जो साहेब कामाला कडक आणि माणसाला मायेचा, त्याचं लोक ऐकतात, आणि माणूस तयार होत जाईल तशी त्याने दोरी सैल करायची असते. दोरी सैल करण्याचा भाग आपले बहुतेक साहेब सोयीने विसरतात.

तरुण इंजिनिअरांची अडचण उलटी असते. वयाने मोठ्या माणसाला काम सांगायचा संकोच. मग येतं ते आपलं खास मोघम बोलणं: "मामा, जरा बघून घ्या ना ते दोन नंबरच्या लाईनचं." काय बघायचं, कधीपर्यंत, झालं की कुणाला सांगायचं, काहीच नाही. संध्याकाळी काम झालेलं नसतं आणि दोघंही एकमेकांवर नाराज. मानाने बोलूनही सूचना नेमकी देता येते: "मामा, तुम्ही आज दोन नंबरवर थांबा. अकरापर्यंत पन्नास नग तपासा आणि जे बाद होतील ते मला दाखवा." मान 'तुम्ही'मध्ये आहे, तो मोघमपणात शोधू नका.

मुलाखतीचं टेबल ही तिसरी जागा. एक जुना किस्सा आधी सांगते, कारण तो खराच बोधक आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८पासून कामगारांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात झाली. दोन वर्षांत वीस हजारांहून जास्त लोकांशी बोलणं झालं. सुरुवातीला ठरलेले प्रश्न होते, कामाची जागा कशी, सुपरवायझर कसा. कामगार मात्र विषय सोडून भलतंच बोलायचे. शेवटी १९२९मध्ये पद्धत बदलली, कामगाराला हवं ते बोलू द्यायचं आणि मध्ये तोंड घालायचं नाही. अर्ध्या तासाची मुलाखत तासाच्या वर जायला लागली आणि खऱ्या तक्रारी तेव्हा बाहेर आल्या. माणसाच्या मनात काय आहे हेच माहीत नसेल तर ही पद्धत हवी. नोकरी सोडून जाणाऱ्याशी बोलताना मी अजून असंच करते.

निवडीच्या मुलाखतीत मात्र उलट. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि मार्क कशाला द्यायचे हे आधी ठरलेलं. नव्या पॅनेल सदस्यांना हे यांत्रिक वाटतं. त्यांना गप्पा मारून माणूस 'ओळखायचा' असतो. पण कामावर कोण चांगलं काम करेल याचा अंदाज अशा बांधीव मुलाखतीतून जास्त चांगला येतो, हे १९९८च्या श्मिट-हंटर या संशोधकांच्या मोठ्या आढाव्यात दिसलं आणि २०२२च्या फेरतपासणीत तर ती पद्धत यादीत सर्वात वर आली. गप्पांमध्ये आपल्याला आपल्याच गावचा, आपल्यासारखं बोलणारा मुलगा हुशार वाटतो, दुसरं काही नाही.

बांधीव म्हणजे उत्तर भरवणारा प्रश्न नव्हे, हा फरक हाताला बसायला हवा. "टीममध्ये काम करायला आवडतं ना?" याला "हो सर"शिवाय उत्तर नाही. "सहकाऱ्याशी पटलं नाही असा एखादा प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत?" यात विषय मी दिला, उत्तर त्याचं. एका शब्दाने किती फरक पडतो हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४मध्ये दाखवलं. अपघाताची तीच फिल्म बघितलेल्या लोकांना गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर जास्त वेग सांगितला गेला, 'एकमेकींना लागल्या' म्हटलं तर कमी. कोर्टात सरतपासणीत, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, सूचक प्रश्नाला हरकत का घेतात, ते यावरून लक्षात येईल.

टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांसाठी दोन शब्द. यूपीएससीच्या २७५ गुणांच्या मुलाखतीबद्दल आयोगच सांगतो की ती कडक उलटतपासणी नसते, ते सहज पण दिशा असलेलं, हेतू ठेवून केलेलं संभाषण असतं. तेव्हा दिशा कोण देतंय याकडे कान ठेवा. तुटक, टोकदार प्रश्न आला तर उत्तर तेवढंच द्या आणि थांबा. "स्वतःबद्दल सांगा" असा मोकळा प्रश्न आला तर पॅनेलने स्टिअरिंग तुमच्या हातात दिलंय. आपली बरीच मुलं तिथे गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं अशी वंशावळ सुरू करतात आणि पुढचे प्रश्न शेतीवर आले की गोंधळतात. शेतीवर बोलायची तयारी असेल तर जरूर तिकडे न्या. नसेल तर दुसऱ्या वाक्यात स्वतःच्या कामावर या.

सरावासाठी नवीन ॲप वगैरे काही लागत नाही. एमएसडब्ल्यूला कंटाळून लिहिलेलं प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीत कोण काय बोललं याची सविस्तर नोंद, आठवतं? तेच पुन्हा काढा. मैत्रिणीसोबत दहा मिनिटांचा रोल-प्ले मोबाईलवर रेकॉर्ड करा, शब्दन् शब्द कागदावर उतरवा आणि समासात आपल्या प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: माहिती, प्रश्न, सूचना, सल्ला, गप्प. मग सल्ल्याच्या खुणा एकेक तपासा, त्यात निर्णय कुणाचा होता ते बघा. "मी म्हणते" आणि "माझं ऐकशील तर" या दोन सुरुवाती लाल शाईने अधोरेखित करा, त्या फार वेळा येतात. खरा क्लायंट असेल तर फोन अजिबात बाहेर काढायचा नाही. तो गेल्यावर आठवेल तेवढं लिहा, नाव-गाव बदला, आणि कागद सुपरवायझरला दाखवून झाला की फाडून टाका.