रेयॉनचे कपडे ओळखायचे कसे आणि कोकणातल्या पावसात टिकवायचे कसे

दुकानदार "कॉटनच आहे ताई" म्हणत जी मऊ झुळझुळीत कुर्ती पुढे टाकतो ती बऱ्याचदा रेयॉनची असते, म्हणजे व्हिस्कोस. तो थाप मारतो हे खरं, पण कापड वाईट नाही हां. लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात, बारीक भोकांतून आम्लात सोडतात की धागा तयार, 1892 ला इंग्लंडात पेटंट घेतलेली पद्धत आहे ही. मूळ झाडातलंच, त्यामुळे कापसापेक्षाही जास्त घाम शोषतं, रत्नागिरी-मालवणच्या मे महिन्यात अजून काय पाहिजे.

ओळखायला जाळून बघू नका, कापूस आणि रेयॉन दोन्ही कागदासारखे जळतात, फार तर पॉलिएस्टर पकडलं जाईल कारण ते वितळून कडक गोळी होते. त्यापेक्षा शिवणीच्या आतला एक सुटा धागा काढा, मधोमध जिभेने ओला करा आणि दोन टोकं धरून ओढा. ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉन समजा, कापूस ओला झाला की उलट चिवट होतो.

धुताना हेच लक्षात ठेवायचं, ओलं रेयॉन जवळजवळ निम्मी ताकद घालवून बसतं. दगडावर आपटणं, ब्रश, पिळणं सगळं बंद. गार पाण्यात हलकं धुवा, दाबून पाणी काढा, जुन्या टॉवेलात गुंडाळून परत दाबा आणि खाटेवर पसरून वाळवा, हँगरला लावलंत तर पाण्याच्या वजनाने कुर्तीचा गाऊन होतो. कापड घेऊन शिवणार असाल तर आधी भिजवून घ्या, पहिल्या धुण्यात आटतंच.

आषाढात खरी पंचाईत, दोन-दोन दिवस काही वाळत नाही आणि बुरशीला सेल्युलोज आवडतं. किंचित दमट असताना घडी घालून कपाटात टाकलं की काळे ठिपके आलेच, मग ते जाता जात नाहीत. पंख्याखाली वाळवा, उलट्या बाजूने मध्यम इस्त्री फिरवा, गार झाल्यावरच घडी. आणि पावसाळ्यात खळ अजिबात नको, ती म्हणजे बुरशीला आयतं जेवण.

दोन पैसे जास्त घालवायचे असतील तर लायोसेल घ्या, तेही लाकडाच्या लगद्याचंच पण वेगळ्या पद्धतीने केलेलं कापड, ओलं असतानाही बरंच मजबूत राहतं, शिवाय कारखान्यात त्याचा लगदा विरघळवायचं रसायन जवळजवळ सगळं परत वापरतात. "बांबूचं कापड" म्हणून महाग विकतात ते मात्र बहुतेक वेळा व्हिस्कोसच, नुसता लगदा बांबूचा.

ब्लाउज-ड्रेसचं चकचकीत अस्तर अॅसिटेटचं (हाही सेल्युलोजपासूनच केलेला धागा) असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, त्यातल्या अॅसिटोनने ते सरळ विरघळतं, डाग जायच्या ऐवजी भोक पडेल.