नर्सिंगला प्रवेश घेताना कॉलेजच्या आधी वॉर्ड बघा

बारावीचा निकाल लागला की नर्सिंगच्या जाहिरातींत इमारत दिसते, बस दिसते, पांढऱ्या ॲप्रनमधल्या मुली दिसतात. पेशंट कुठेच दिसत नाही. नर्स मात्र घडते ती पेशंटच्या कॉटजवळ. म्हणून सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यात कुठेही चौकशीला गेलात तरी पहिला प्रश्न हाच विचारा: प्रॅक्टिकलला विद्यार्थी कोणत्या हॉस्पिटलला जातात आणि तिथल्या किती कॉट भरलेल्या असतात? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात एका विद्यार्थ्यामागे ३ पेशंट धरलेले आहेत. एकाच आजोबांचं बीपी घ्यायला पाच जणी रांगेत उभ्या असतील, तर तिथे कुणाचाच हात बसणार नाही.

कोर्सचं गणित सरळ आहे. ए.एन.एम. (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) २ वर्षांचा, जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ३ वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचा, म्हणजे ८ सेमिस्टरचा. पहिल्या दोन्हींना कला शाखेतूनही जाता येतं. बी.एस्सी.ला मात्र बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतंच. अकरावीला बायॉलॉजी सोडून गणित घेतलेल्या मुली इथे अडकतात. जी.एन.एम.नंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी घेता येते, त्यामुळे जी.एन.एम.ला कमी लेखू नका. राखीव जागेतून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच करा. निकालानंतर धावपळ केली की नेमका तोच कागद मागे राहतो.

एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. सहा महिन्यांत किंवा वर्षात ‘नर्स’ करून देणारे कोर्स गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि रजिस्ट्रेशनशिवाय सरकारी भरतीचा अर्जही भरता येत नाही. ऊसतोडीच्या, मजुरीच्या पैशांतून फी भरणाऱ्या घरांचं यात फार नुकसान होतं. पैसे भरण्याआधी कॉलेजचं नाव कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः बघा, फोटोकॉपीवर विश्वास ठेवू नका.

वॉर्डात पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच घेतलात, तर निदान दोन डोस अंगात असताना सुई हातात येईल. खिशात सेकंद काट्याचं घड्याळ, निळा आणि लाल पेन, छोटी वही. मोबाइल बॅगेतच राहू द्या.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चुका टी.पी.आर.मध्ये, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजण्यात होतात, कारण ते सोपं वाटतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, तोही पेशंटला न सांगता. नाडी मोजून झाली की बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि नजर छातीवर न्या. ‘श्वास मोजते’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. अख्ख्या वॉर्डाच्या चार्टवर रेस्पिरेशन २० दिसलं, की ते कुणी मोजलेलंच नाही हे इन्चार्ज सिस्टरना लांबूनही कळतं. बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, कोपराच्या खळगीच्या २-३ सेंटिमीटर वर बांधा, हात हृदयाच्या पातळीला आधार देऊन ठेवा. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटंच जास्त येतं.

सलाईनचे थेंब तोंडी हिशेबाने यायला हवेत. ५०० मिलि ८ तासांत द्यायचं आहे, म्हणजे ४८० मिनिटांत. सेटच्या, म्हणजे सलाईनच्या नळीच्या, पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिलि असं छापलेलं असेल, तर ५०० गुणिले २० भागिले ४८०, उत्तर मिनिटाला साधारण २१ थेंब. बारीक थेंबांच्या मायक्रो सेटला ६० थेंबांचा १ मिलि होतो, म्हणून तिथे ताशी जितके मिलि, तितकेच मिनिटाला थेंब. पाकीट न वाचता सेट लावला की हिशेब बरोबर असूनही वेग चुकतो. एकदा लावून निघून जाऊ नका. पेशंटने हात वाकवला किंवा कूस बदलली, की थेंब बदलतात.

इन्सुलिनपाशी तर थांबाच. आपल्याकडच्या बऱ्याच व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्यांत, १ मिलिला ४० युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, तिची टोपी केशरी. १०० युनिटचं औषध ४० च्या सिरिंजने भरलं, तर अडीच पट डोस जातो. पेशंट घामाघूम होतो, बरळायला लागतो, बेशुद्धही पडतो. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या सिस्टरना दाखवा. इन्सुलिनचा डोस एकटीने कधीच भरू नये.

टोचून झालं की सुईला टोपी परत लावू नका, बऱ्याचदा बोटाला सुई तिथेच लागते. सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सलाईनचा सेट आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचं ड्रेसिंग पिवळीत, काचेची व्हायल निळ्यात. सुई लागलीच तर साबण-पाण्याने धुवा, बोट दाबू किंवा चोखू नका आणि लगेच सांगा. एच.आय.व्ही.चं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. ओरडा बसेल या भीतीने मुली लपवतात, आणि ते तास निघून जातात.

इनटेक-आउटपुट, म्हणजे पेशंटच्या अंगात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं, हे लिहिताना नातेवाइकांचा पेला एकदा मोजून घ्या. ‘दोन गिलास पाणी दिलं’ याचा अर्थ दर घरी वेगळा. चहा, पेज, शहाळं सगळं धरायचं. चार्टवर चूक झाली तर एक रेघ मारून सही करा, व्हाइटनर कधीच लावू नका. अपघात, विषबाधा, भाजलेल्या केसचे कागद पुढे कोर्टात जातात.

मिरजेत मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही या गावात कर्नाटकातून पेशंट येतात. ‘नोवु एल्लि इदे?’ म्हणजे कुठे दुखतंय, ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का. अशी वीसेक कानडी वाक्यं वहीत लिहून ठेवा. मराठीही कान देऊन ऐका. ‘छातीत भरून आलंय’ म्हणणाऱ्या आबांना कफ झालेला असतो किंवा हृदयाचा त्रास असतो. घाम येतोय का, डावा हात भरून येतोय का, जबड्यात दुखतंय का, हे लगेच विचारा आणि सिस्टरना बोलवा. पेशंटला बेड नंबरने हाक मारू नका. वॉर्डातल्या मामा-मावशींशी अदबीने वागा. ट्रॉली, बेडपॅन, लिनन कुठे असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल १०० टक्के भरावं लागतं. बुडालेले दिवस मग सुट्टीत भरून काढावे लागतात. केसबुकमधली, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीतली, प्रत्येक प्रोसिजर त्याच दिवशी लिहून त्याच दिवशी सही घ्या. सिस्टरची ड्युटी बदलते, बदली होते, आणि शेवटच्या वर्षी सहीसाठी वॉर्ड वॉर्ड फिरावं लागतं.