स्वॉटचे चार चौकोन आणि डेबिट नोटांची फाइल

एमबीएनंतरची माझी पहिली नोकरी रबाळे एमआयडीसीतल्या, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यातली. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे, पुढे शेअर रिक्षा. 2021 च्या मार्चमध्ये साहेब म्हणाले, "यंदा वर्षाचं प्लॅनिंग नीट कागदावर करू. तू ते स्वॉट शिकली आहेस ना, ते करून आण."

एका संध्याकाळी बसून मी स्वॉटचे, म्हणजे धंद्याची स्थिती तपासायचे, चार चौकोन भरले. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके, सगळे मिळून 31 मुद्दे. बलस्थानांत पहिले तीन होते: अनुभवी कामगार, दर्जेदार माल, मोक्याची जागा. मीटिंगमध्ये साहेबांनी कागद वाचून शेजारी दिला. तो फिरत फिरत डिस्पॅच सांभाळणाऱ्या मामांकडे गेला. त्यांनी तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "ताई, ठाणे-बेलापूर रोड काय आपल्या एकट्याच्या दारातून जातो? मागच्या गल्लीत दोन बॉक्सवाले आहेत, त्यांची जागा पण हीच."

या विषयात नव्याने येणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी सांगते. शेजारच्या कारखान्यालाही जे सहज लागू पडतं, ते तुमचं बलस्थान नव्हे. ते फक्त धंद्यात टिकायला लागणारं सामान. मग आमचं खरं बलस्थान कोणतं, हेही मामांनीच सांगितलं: "सकाळी अकराच्या आत फोन आला तर दोनशे-तीनशे खोकी आपण त्याच दिवशी टेम्पोत चढवतो. बाकीचे हजाराच्या खाली हात लावत नाहीत." मी तीन महिन्यांची माल पाठवल्याची चलनं काढून ऑर्डरची आणि माल निघाल्याची वेळ ताडून पाहिली. मामांचं म्हणणं बहुतेक ठिकाणी खरं निघालं. मग "मोक्याची जागा" खोडून तिथे "छोटी ऑर्डर त्याच दिवशी" लिहिलं.

उणिवांचा चौकोन भरताना वेगळीच अडचण येते. साहेब समोर असताना कोण बोलणार? म्हणून मीटिंगमध्ये विचारण्यापेक्षा मशीनपाशी, चहाच्या वेळी, एकेकट्याला विचारा. आणि त्याहून भरवशाचं म्हणजे डेबिट नोटांची फाइल काढा. ग्राहकाने माल नाकारून पैसे कापले की तो कागद येतो, आणि त्यावर कारण लिहिलेलं असतं. मी वर्षाच्या 23 नोटा जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या. त्यातल्या 17 जुलै ते सप्टेंबरमधल्या होत्या, आणि जवळजवळ सगळ्यांवर एकच तक्रार: थप्पीतली खालची खोकी बसली. पुठ्ठा हवेतली ओल ओढून घेतो आणि ओलावला की त्याची वजन पेलायची ताकद जाते. मी गोदामात जाऊन भिंतीलगतच्या थप्पीतलं एक खोकं दाबून पाहिलं, तर कोपरा अंगठ्याखाली मऊ लागला. माझ्या कागदावर तोवर "दर्जात सातत्याचा अभाव" असं लिहिलेलं होतं. त्या वाक्यावर कुणीही काही करू शकलं नसतं. "पावसाळ्यात भिंतीलगतचा माल ओलावतो" म्हटल्यावर त्याच आठवड्यात लाकडी पॅलेट आले आणि थप्पी भिंतीपासून दोन फूट पुढे सरकली.

आत काय आणि बाहेर काय, यात नवखे नेहमी गल्लत करतात. मी एकच कसोटी वापरते: उद्या मालकाने मनावर घेतलं तर ही गोष्ट बदलेल का? बदलणार असेल तर ती आतली, म्हणजे बलस्थान किंवा उणीव. त्यांच्या हातात नसेल तर बाहेरची, म्हणजे संधी किंवा धोका. "नवीन प्रिंटिंग मशीन घेणे" हे मी संधीत लिहिलं होतं. ती संधी नाही, तो आपला बेत आहे. राज्याने 2018 च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तशी आपल्याला न विचारता घडणारी गोष्ट संधीत बसते. अर्थात तिच्यामुळे आपल्याकडे नेमकं कोणतं गिऱ्हाईक येईल, हे सांगता आलं तरच.

स्वॉटचा उगम 1960 च्या दशकातल्या अमेरिकेत सांगतात, जनक कोण यावर एकमत नाही. परीक्षेपुरतं तेवढं पुरे. 1997 मध्ये हिल आणि वेस्टब्रुक या अभ्यासकांनी मांडलेलं निरीक्षण मात्र मला फार कामाचं वाटतं. त्यांनी ब्रिटनमधल्या 20 कंपन्यांचे स्वॉट तपासले. लांबलचक याद्या, मोघम शब्द, आणि पुढच्या नियोजनात त्यांचा वापर कुणीच केलेला नाही. माझे 31 मुद्दे त्याच जातीचे होते.

यावरचा उपाय त्याआधीच, 1982 मध्ये, हाइन्झ वाइरिक यांनी टोव्स या नावाने मांडलेला आहे: चौकोन भरून थांबायचं नाही, आतला एक मुद्दा आणि बाहेरचा एक मुद्दा यांची जोडी लावायची आणि प्रत्येक जोडीतून एक काम काढायचं. आमची सगळ्यात महत्त्वाची जोडी अशी निघाली. उणीव: निम्म्याहून जास्त धंदा एकाच ग्राहकाचा आणि त्याच्याशी वर्षभराचा बांधलेला दर. धोका: क्राफ्ट पेपरचा, म्हणजे पुठ्ठा ज्यापासून बनतो त्या तपकिरी कागदाचा, चढता भाव. 1 जानेवारी 2021 पासून चीनने परदेशी कचऱ्याची आयात बंद केली. त्यात रद्दी कागदही आला, आणि तिथल्या कागद गिरण्यांना लागणारा माल भारतातून कागदाच्या रोलच्या रूपात जाऊ लागला. त्यामुळे इथे रबाळ्यात आमचा रोलवाला दर पंधरवड्याला नवा भाव सांगत होता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या चौकोनांत असताना कुणाला घाम फुटला नव्हता. एका ओळीत आल्यावर साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला आणि प्रत्येक खोक्यामागे किती तोटा होतोय ते तिथेच काढलं. त्यातून ठरलं की नव्या करारात कागदाच्या भावाशी दर जोडायचा. काम साहेबांचं, मुदत 15 एप्रिल. ग्राहक पूर्ण कबूल झाला नाही, पण दर तीन महिन्यांनी फेरविचार करायला तयार झाला.

प्रत्येक जोडीपुढे असं एक नाव आणि एक तारीख हवीच. नाव "प्रोडक्शन टीम" असं चालत नाही, माणसाचं लागतं. आणि जोड्या पाचाच्या वर नेऊ नका. आमच्यासारख्या चाळीस माणसांच्या कारखान्यात त्याहून जास्त झेपत नाही.

स्वॉट शिळाही होतो, हे मला आंब्याने शिकवलं. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर वाशीतल्या पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया (किडीच्या बंदोबस्तासाठी किरणांचा मारा) होते, आणि ती अमेरिकी निरीक्षकाच्या देखरेखीखाली व्हावी लागते. कोविडमुळे 2020 आणि 2021 मध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत, त्यामुळे ती निर्यात बंद होती. म्हणून 2021 च्या कागदावरून आम्ही आंबा निर्यातीच्या खोक्यांचा मुद्दा संधीतून काढून टाकला, आणि ते बरोबरच होतं. पण 2022 च्या हंगामात निर्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा आमच्या कागदावर तो नव्हताच. एका निर्यातदाराचा फोन आला, भोकांना जाळी लावलेली खोकी चार दिवसांत हवी होती. जाळी आमच्याकडे नव्हती. छोटी ऑर्डर झटपट देणारे आम्ही, आणि नेमकी तशीच ऑर्डर हातची गेली. तेव्हापासून खोडलेल्या मुद्द्यांचा एक वेगळा कागद मी ठेवते आणि दर तिमाहीला तो आधी वाचते.

उलटही घडतं, बाहेरचा बदल आपल्या जुन्या उणिवेवर कामी येतो. ग्राहकाकडे अडकलेली उधारी आमची जुनी उणीव. सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचं, असं 2006 च्या कायद्यात आहेच. पण 1 एप्रिल 2024 पासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. त्यामुळे मार्च जवळ आला की ग्राहकाच्या अकाउंट्समधून आपणहून फोन येतात. उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म-लघु उद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापायचा, हे काम त्या जोडीतून निघालं, आणि ते मी स्वतःकडे घेतलं.

यंदा आमच्याकडे ऐरोलीची एक मुलगी ट्रेनी म्हणून आली आहे. तिच्या कागदावर संधीत पहिला मुद्दा आहे: नवी मुंबई विमानतळ. 25 डिसेंबर 2025 ला तिथून विमानं उडायला लागली, तेव्हा मुद्दा सुचणं साहजिक आहे. मी तिला विचारलं, कुणाचा माल, कोणत्या मापाचं खोकं, महिन्याला किती? तिने वाशीच्या बाजारातल्या तीन निर्यातदारांची वेळ घेतली आहे, गुरुवारची. तोवर तो मुद्दा कागदावर पेन्सिलने लिहिलेला आहे.