धंदा कोणाच्या नावावर? प्रोप्रायटर, भागीदारी की कंपनी, हे हिशेबाने कसं ठरवायचं

कोल्हापुरात धंदा जरा वाढला की पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहायची हौस येते. शिवाजी उद्यमनगरातल्या गाळ्यातून शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये गेलेल्या माणसाला त्याचा अभिमान वाटणारच. पण पाटी बदलली की मागे तीन हिशेब बदलतात: कर कोण भरतो, नफा कुठल्या वाटेने घरात येतो आणि देणं थकलं तर वसुलीवाले कोणाच्या दारात उभे राहतात. माझ्या मते मधला हिशेब सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक शेवटी बघतात.

पायरी १: घराला वर्षाला किती लागतात ते काढा

सीएकडे जाण्याआधी हे घरीच करा. गेल्या वर्षाचं बँक स्टेटमेंट आणि गल्ल्याची वही घ्या. घरखर्च, मुलांची फी, घराचा हप्ता, लग्नकार्य, जे काही धंद्यातून उचललं ते एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला निव्वळ नफा. नफ्यातला बहुतेक पैसा घरी येतो, की निम्मा नव्या मशीनमध्ये जातो? पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे.

पायरी २: तेच आकडे तिन्ही प्रकारांत मांडा

प्रोप्रायटरचा धंदा आणि माणूस कायद्याला एकच. पॅन एक, विवरणपत्र एक. स्वतःला पगार देऊन तो खर्चात दाखवता येत नाही. सगळा नफा तुमच्या वैयक्तिक दराने करपात्र. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे नफा १२ लाखांच्या आत असेल आणि मोठ्या देण्याचा धोका नसेल, तर प्रोप्रायटरच राहा. कोणी कितीही आग्रह करू दे.

इथे आणखी एक सोय आहे. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याची उलाढाल दीड कोटी असेल आणि सगळा पैसा बँकेतून किंवा यूपीआयने येत असेल, तर अनुमानित नफ्याच्या योजनेत ६ टक्के, म्हणजे ९ लाख नफा धरून विवरणपत्र भरता येतं. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के धरावे लागतात. मर्यादा २ कोटींची. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींची. भागीदारी फर्मलाही ही योजना मिळते, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि कंपनीला मिळत नाही. आणि कमिशनच्या उत्पन्नाला ती लागू नाही, म्हणून मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्यांनी यात पडू नये.

आता भागीदारी. एलएलपीचा करही तसाच. फर्मच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. आकडा ऐकून माणूस दचकतो. पण हा कर भागीदारांचा मेहनताना आणि त्यांच्या भांडवलावरचं व्याज वजा केल्यावर उरतं त्यावर आहे, आणि कर भरून वाटलेला नफा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो.

उदाहरण घेऊ. दोन भाऊ, जॉबवर्कचं मशीन शॉप. मेहनताना आणि व्याज धरण्याआधीचा नफा ३० लाख. दोघांचं मिळून भांडवल ४० लाख. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, १२ टक्के व्याज लिहिलंय, कायद्याची कमाल मर्यादा तीच. व्याज झालं ४ लाख ८० हजार, उरले २५ लाख २० हजार. मेहनतान्याची मर्यादा: पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के, पुढच्या रकमेवर ६० टक्के. म्हणजे ५ लाख ४० हजार अधिक ११ लाख ५२ हजार, एकूण १६ लाख ९२ हजार. फर्मकडे करपात्र उरले ८ लाख २८ हजार, त्यावर कर सुमारे २ लाख ५८ हजार. प्रत्येक भावाच्या नावावर व्याज आणि मेहनताना मिळून १० लाख ८६ हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर कर नाही. घरात आले २७ लाख ४२ हजार.

डीडमध्ये व्याजाचं कलमच नसेल तर? मेहनताना १९ लाख ८० हजार, करपात्र १० लाख २० हजार, कर ३ लाख १८ हजार. एका वाक्याने वर्षाला साठ हजारांचा फरक पडला. स्टॅम्प वेंडरकडचा छापील मसुदा भरून डीड करणाऱ्यांनी आपली प्रत आजच काढून बघावी.

हाच धंदा कंपनीत घाला. दोघा संचालकांना प्रत्येकी पावणेतेरा लाख पगार. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते (भागीदाराला मिळत नाही), त्यामुळे दोघांचा कर शून्य. कंपनीकडे उरले साडेचार लाख. २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला तर अधिभार-उपकरासह २५.१६८ टक्के, म्हणजे कर साधारण १ लाख १३ हजार. फर्मपेक्षा १ लाख ४५ हजारांनी कमी! मात्र घरात आले साडेपंचवीस लाखच. उरलेले ३ लाख ३७ हजार कंपनीच्या खात्यात आहेत आणि ते तुमचे नाहीत, कंपनीचे आहेत. लाभांश म्हणून काढले तर तुमच्या उत्पन्नात मिळून पुन्हा कर.

पायरी ३: उचल करायची सवय तपासा

आपल्याकडचा धंदेवाईक इथेच अडकतो. प्रोप्रायटर असताना गल्ल्यातून उचललं, वहीत ‘उचल’ लिहिलं, विषय संपला. फर्ममध्येही भागीदाराच्या खात्याला नावे टाकलं की भागतं. कंपनीत तसं चालत नाही. बहिणीच्या लग्नाला कंपनीच्या खात्यातून दहा लाख काढले, तर संचालकाला कर्ज द्यायला कंपनी कायद्याची बंधनं आहेत. शिवाय १० टक्के किंवा जास्त शेअर असलेल्या भागधारकाने अशी रक्कम घेतली, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्यापर्यंत ती लाभांश मानली जाते. पुढच्या वर्षी परत केली तरी कर टळत नाही. पहिल्या पायरीत उचलीचा आकडा दर महिन्याला वेगळा आणि बेभरवशाचा निघाला असेल, तर कंपनी तुम्हाला मानवणार नाही.

फर्मवाल्यांनाही एक नवं काम लागलंय. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २० हजारांवर मेहनताना किंवा व्याज दिलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. वरच्या भावांचा कर शून्य असला तरी रिफंड येईपर्यंत तेवढे पैसे अडकणार, ते खेळत्या भांडवलात आधीच धरा.

पायरी ४: देणं कोणाच्या अंगावर येतं ते बघा

प्रोप्रायटर आणि साध्या भागीदारीत घरदारही धोक्यात. एका भागीदाराने फर्मच्या नावावर केलेल्या उधारीला दुसराही पूर्ण जबाबदार. एलएलपी आणि कंपनीत जबाबदारी मर्यादित असते, पण कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच, त्यामुळे बँकेपुरतं ते कवच कागदावरच राहतं. खरा उपयोग होतो तो पुरवठादाराच्या थकबाकीत, किंवा माल रिजेक्ट झाल्यावर ग्राहकाने ठोकलेल्या दाव्यात. वाहन कंपन्यांना कास्टिंग देणाऱ्या फौंड्रीला हा धोका खरा आहे. चपलांच्या दुकानाला फारसा नाही.

जागा वडिलांच्या नावावर असेल तर ती फर्ममध्ये किंवा कंपनीत घालू नका. भाडेकरार करा. भाडं धंद्याच्या खर्चात जातं आणि वडिलांना त्यावर ३० टक्के वजावट मिळते.

आणि भागीदारी करणार असाल तर फर्म निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरची उधारी वसूल करायला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही.

पायरी ५: दरवर्षीचा खर्च वजा करा

उलाढाल शून्य असली तरी कंपनीला ऑडिट सक्तीचं. एलएलपीला उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं तर. कंपनीचे दोन वार्षिक फॉर्म चुकले की प्रत्येकी रोज १०० रुपये. वर्षभर राहिले तर ७३ हजार. वरच्या १ लाख ४५ हजारांतून ऑडिट आणि कंपनी सेक्रेटरीची फी वजा करून काय उरतं, ते सीएकडून लेखी आकड्यात घ्या.

पायरी ६: बदलायचं ठरलं तर १ एप्रिलला बदला

वर्षाच्या मध्ये बदललं की दोन ताळेबंद, दोन विवरणपत्रं. प्रोप्रायटरची कंपनी केली की पॅन नवा, म्हणून जीएसटी क्रमांकही नवा; शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) वेगळा फॉर्म भरून हलवावं लागतं. मालमत्तेवर भांडवली नफ्याचा कर लागू नये म्हणून धंद्याची सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीत न्यावी लागतात आणि जुन्या मालकाने किमान ५० टक्के मताधिकार पाच वर्षं ठेवावा लागतो. उद्यम नोंदणी नव्याने, बँकेची मंजुरी नव्याने. मोठ्या कारखान्यांना माल देत असाल तर त्यांच्याकडचा तुमचा व्हेंडर कोडही बदलतो, आणि नवा कोड मिळेपर्यंत बिलं पास होत नाहीत. तो अर्ज फेब्रुवारीतच टाका.