तीन पात्यांच्या मोवरमधून कापलेले गवत अडखळल्याशिवाय बाहेर कसे काढावे

मोवर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, पुढे गेला की मागे गवताचे ओले गोळे पडलेले दिसतात, दर पंधरा मिनिटांनी च्यूटचे, म्हणजे गवत बाहेर फेकणाऱ्या वाटेचे, तोंड बुजते किंवा उजवीकडे गवताची जाड ओळ साचत जाते. अशा वेळी पहिला संशय धारेवर जातो. धार हवीच, पण धार गवत फक्त कापते. त्याला बाहेर नेतो तो वारा. डेक, म्हणजे पात्यांवरचे पत्र्याचे आवरण, हा पालथा घातलेला पंखाच आहे. त्याचा झोत कमी पडला की गवत आतच गरगरत राहते आणि पत्र्याला चिकटते.

तीन पात्यांच्या डेकमध्ये गवताला लांबचा प्रवास करावा लागतो. उजवीकडे फेकणाऱ्या मोवरची पाती वरून पाहता साधारणतः घड्याळाच्या दिशेने फिरतात. त्यामुळे डेकच्या पुढच्या भागात गवत उजवीकडे सरकते, मागच्या भागात डावीकडे. म्हणजे बाहेर पडण्याची वाट पुढच्या बॅफलला (झोत वळवणाऱ्या आतल्या पत्र्याला) लागून जाते आणि उजव्या पात्यावर तिन्ही पात्यांच्या गवताचा भार येतो. शेजारच्या दोन पात्यांची टोके जवळ येतात तिथे एक टोक मागे जात असते, दुसरे पुढे. दोन झोत समोरासमोर भिडतात आणि गवताचा थर तिथेच बसतो.

आधी साफसफाई

इंजिन बंद करा, चावी काढा, स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा. दोन सिलिंडरच्या इंजिनाला दोन प्लग असतात, दोन्हींच्या वायरी काढा. यंत्र उचलल्यावर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, भक्कम स्टँड लावा. प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. पात्यांच्या टोकांमधले कोपरे, पुढच्या बॅफलची आतली बाजू आणि च्यूटचे तोंड या तीन जागांवर जास्त वेळ द्या. बोटभर जाडीचा थरही वाऱ्याची वाट अडवू शकतो. डेक पूर्ण वाळल्यावर आतून सिलिकॉन स्प्रे मारा. जळके इंजिन ऑइल मात्र लावू नका; त्यावर धूळ चिकटते आणि थेंब पडतील तिथले गवत जळते.

वेग आणि पट्टा

53 सेंमी लांबीचे पाते मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 83 मीटर असतो. पेट्रोल वाचवायला थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारा खटका) कमी करून फेरे 2,000 वर आणले, तर हवेचे प्रमाण दोन तृतीयांश उरते, पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो आणि निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून कापताना थ्रॉटल पूर्ण ठेवावा आणि यंत्राची चाल कमी करावी.

थ्रॉटल पूर्ण असूनही एकाच पट्टीत गवत उभे राहत असेल किंवा गोळे पडत असतील, तर पाती फिरवणारा पट्टा पाहा. कडा चकाकत असतील, भेगा असतील किंवा पट्टा ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीची स्प्रिंग ढिली असेल, तर भार आला की पट्टा घसरतो. बंद यंत्रात, जाड हातमोजे घालून, प्रत्येक स्पिंडल (पाते बसवलेला दांडा) हाताने फिरवा. खरखर जाणवली तर बेअरिंग बदलायला झाले आहे.

पाती

पात्याच्या मागच्या कडेला वर वळवलेला पंख असतो, तोच हवा खेचतो. वाळूमिश्रित जमिनीत हा पंख झिजून पातळ होतो. असे पाते धार लावून चालत नाही, बदलावेच लागते, कारण तुटलेला तुकडा गोळीसारखा उडतो. दाट, लुसलुशीत गवतासाठी उंच पंखाचे पाते घ्या. कोरड्या, वाळूच्या जमिनीवर कमी पंखाचे बरे, नाहीतर धुळीचा लोट उठतो आणि पाते लवकर झिजते. मल्चिंगचे पाते गवत बारीक करण्यासाठी डेकमध्येच फिरवत ठेवते. तेव्हा च्यूटमधून जोराने फेकायचे असेल तर ते काढून ठेवा.

धार मूळ कोनातच लावा, बहुधा तो 30 अंशांच्या आसपास असतो. मधल्या भोकातून खिळ्यावर आडवे टांगून पाहा, जे टोक खाली जाईल तिकडून थोडे आणखी घासा. बसवताना पंख डेककडे, म्हणजे वर असावा. उलटे बसलेले पाते गवत नुसते झोडपते. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतका आवळा.

डेकचा कल

सगळ्या टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरून यंत्र सपाट फरशीवर घ्या. पाते पुढे-मागे वळवून दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. अनेक यंत्रांत पुढचे टोक 3 ते 6 मिमी खाली लागते, तरी पुस्तिकेतला आकडाच खरा धरावा. मागची बाजू खाली राहिली की कापलेले गवत पुन्हा पुन्हा कापले जाते आणि भार वाढतो.

कापताना

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. 75 मिमी ठेवायचे असेल तर 110 मिमीपर्यंत वाढले की कापायला घ्या. पावसाळ्यात त्याहून उंच वाढले असेल तर आधी डेक वर ठेवून एक हात फिरवा, मग दोन-तीन दिवसांनी खाली घ्या. फार दाट असेल तर डेकची निम्मीच रुंदी कापा.

पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेने घ्या, म्हणजे गवत कुंपणावर किंवा रस्त्यावर न जाता आत पडते. पुढे उलट दिशेने चालवा. मग च्यूट कापलेल्या बाजूला राहतो आणि तेच गवत पात्यांखाली पुन्हा येत नाही. दव उतरल्याशिवाय सुरुवात करू नका. जुलैत पावसाला उघडीप मिळाली तरी जमिनीला वाफसा आला आहे का ते पाहा. चिखलात चाके रुतली की डेकही खाली बसतो, हवा आत शिरायला फट उरत नाही आणि वरची सारी मेहनत वाया जाते.

च्यूटवरचा डिफ्लेक्टर (तोंडावरची झडप) गवत अडवतो असे वाटले तरी काढू नका किंवा वर बांधून ठेवू नका. पात्याने उडवलेला खडा तोच खाली वळवतो. तोंड बुजले तर पाती पूर्ण थांबल्यावर, इंजिन बंद करून, काठीनेच मोकळे करा.