रीफ टँकमधले लाल फ्लॅटवर्म: आधी सायफन, मग औषध

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काचेच्या कोपऱ्यात, वाळूवर आणि लाइव्ह रॉकच्या (सूक्ष्मजीव वसलेल्या दगडाच्या) ज्या बाजूला प्रवाह मंद आहे तिथे विटकरी ठिपके दिसू लागले की बरेच जण शेवाळ समजून दुर्लक्ष करतात. भिंग लावून बघा. तीन ते पाच मिलिमीटर लांबीचं चपटं अंग, मागच्या टोकाला तीन छोटे शेंडे आणि काचेवरून सरकत जाणारी संथ चाल असेल, तर ते कॉन्व्होल्युट्रिलोबा गटातले फ्लॅटवर्म, म्हणजे चपटे कृमी, आहेत. दुकानदार यांना 'रेड प्लॅनेरिया' म्हणतात.

हे कोरल खात नाहीत. यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, त्यामुळे ते उजेडाच्या जागा पकडून बसतात. कोरलवर थर साचला की खालच्या पॉलिपना (कोरलमधल्या एकेका छोट्या जिवाला) प्रकाश मिळत नाही, ते उघडत नाहीत आणि हळूहळू मरतात. संख्या वाढते ती मुख्यतः अंगाच्या मागच्या बाजूने पिल्लू फुटून. जोडीदार लागत नाही, म्हणून दगडाच्या फटीत उरलेला एक कृमीही पुन्हा थर जमवायला पुरतो. जास्त खाणं, वाढलेलं नायट्रेट आणि कोपऱ्यात साचलेला मळ असेल तर हे आणखी झपाट्याने होतं.

काचेवर फिरणारे पांढरे, बारीक फ्लॅटवर्म मात्र सहसा निरुपद्रवी असतात. त्यांच्यामागे लागू नका.

लाल कृमींवरचं औषध दुकानात मिळतं आणि ते कामही करतं. पण टँक उद्ध्वस्त होतो तो बहुतेक वेळा औषधाने नव्हे, तर एकाच वेळी मेलेल्या हजारो कृमींच्या अंगातून सुटणाऱ्या विषामुळे. मासे धापा टाकू लागतात, कोरल मिटतात, आणि तोवर हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून औषधाच्या आधीचा आठवडा सायफनचा.

एअर पंपाची साधी नळी घ्या आणि टोकाला कडक प्लास्टिकची कांडी बसवा. रुंद नळीने पाणी भराभर जातं आणि कृमी मागेच राहतात. दिवे लागून तासा-दोन तासांनी कृमी उजेडात पसरलेले असतात, तेव्हा ओढा. पाणी बादलीत सोडा, संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) नाही. ओढताना फाटलेल्या कृमींचा विटकरी रस त्यात असतो. एका बैठकीत दहा-पंधरा लिटर जाईल, तेवढं ताजं मीठपाणी भरा. कोरलवरचे कृमी पिपेटने फुंकून सुटे करा, मग ओढा. हे रोज करा. काचेवर मोजण्याइतकेच उरले की औषधाकडे वळा. नळी, जाळी आणि बादली नंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, त्यात हे लगेच मरतात.

मात्रा काढताना टँकवर छापलेलं माप धरू नका, खरं पाणी मोजा. 120 × 45 सेंटिमीटरच्या टँकमध्ये पाणी 45 सेंटिमीटर उंच असेल तर 243 लिटर. संपमध्ये 60 × 40 वर 25 सेंटिमीटर असेल तर आणखी 60. एकूण 303, त्यातून दगड-वाळूचे साधारण 30 वजा केले की 270 च्या आसपास. 300 धरून औषध टाकलं तर मात्रा दहा टक्क्यांहून जास्त होते.

आदल्या दिवशी दोन मोठ्या पाणीबदलांपुरतं मीठपाणी तयार ठेवा. या टँकला एका वेळी 70 म्हणजे एकूण 140 लिटर, आरओ पाण्यात, 1.025 घनतेचं, टँकच्याच तापमानाचं. शिवाय अॅक्टिव्हेटेड कार्बन, दर 100 लिटरमागे 100 ग्रॅम, धुऊन पिशवीत भरून. औषध घातल्यावर कार्बन धूत बसायला वेळ मिळत नाही.

आधी बादलीत चाचणी घ्या. लेबलप्रमाणे एक थेंब जितक्या लिटरला पुरतो तितकं टँकचं पाणी घ्या, त्यात पाच-दहा कृमी सोडा, थेंब टाका. ते आकसून तळाला पडले तर औषध चालतं. न पडले तर टँकमध्ये मात्रा वाढवण्याआधी बाटलीची मुदत आणि स्वतःचा हिशेब तपासा.

खुद्द औषधाच्या दिवशी टँकमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा आणि ओझोन बंद करा, स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) थांबवा. पॉवरहेड (टँकमध्ये प्रवाह देणारा पंप) आणि हवेचा दगड चालूच ठेवा. औषध एका बादलीभर पाण्यात मिसळून प्रवाहाच्या जागी हळूहळू ओता. कृमी सुटून वाहू लागले की सायफन हातात घ्या आणि पडतील तसे ओढत राहा. लेबलवरची वेळ संपली की पहिला 70 लिटरचा बदल, मग कार्बन आणि स्किमर चालू. माशांचे कल्ले भराभर हलू लागले किंवा मासे पृष्ठभागी आले, तर वेळ संपण्याची वाट पाहू नका. पाणी तिथेच बदला आणि कार्बन टाका. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा, दिसला तर दुसरा बदल. आठवड्याभराने सगळं पुन्हा करा, कारण फटीतले काही पहिल्या फेरीत वाचतात.

मासे ठेवून काम होईल का? सिक्स लाइन रास, मेलॅन्युरस रास किंवा पिवळा कोरिस रास काही टँकमध्ये फ्लॅटवर्म खातात, काहींत ढुंकूनही बघत नाहीत. सिक्स लाइन तर पुढे नव्या माशांना छळतो. निळी मखमली समुद्री गोगलगाय, म्हणजे केलिडोन्युरा व्हेरियन्स, खरोखर फ्लॅटवर्मच खाते, पण ते संपले की उपाशी मरते आणि पॉवरहेडच्या जाळीत सहज ओढली जाते. ती आणायचीच असेल तर जाळीवर स्पंज बांधा.

अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण कोरलवरचा फ्लॅटवर्म वेगळा. तो कोरलचं मांस खातो, रंगाने कोरलसारखाच असल्याने दिसत नाही. दिसतात ते गोल फिकट चावे आणि फांदीच्या बुडाशी तपकिरी अंड्यांचे पुंजके. कोरल डिपने, म्हणजे कोरल औषधी पाण्यात बुडवून काढल्याने, मोठे कृमी गळतात, अंडी टिकतात. म्हणून पुंजके ब्लेडने खरवडा, शक्य असेल तर जुना बुंधा कापून नव्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) लावा, आणि दर पाच-सहा दिवसांनी किमान सहा आठवडे डिप करा.

नवं कोरल आणलं की आधी डिप, मग निदान चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टँकमध्ये, प्लगसकट नव्हे तर प्लग बदलून. फुकटात मिळतं म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरून जिवंत कोरल उचलण्याचा विचारही नको: भारतात कठीण प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.