ग्रिडव्ह्यूतल्या डिलीटला आधी विचारायला लावायचं कसं

नांदेडला मोंढ्यातल्या एका आडतीचं बिलिंग मी करून दिलंय, एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समधे (मायक्रोसॉफ्टची वेब पानं बनवायची पद्धत), साधा ग्रिडव्ह्यू म्हणजे नोंदींचा तक्ता आहे, प्रत्येक ओळीत एका शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या मालाचा हिशोब, आणि शेवटच्या कॉलमात एडिट अन् डिलीट अशा दोन लिंका एकमेकीला चिकटून. दिवाळीच्या आधी सोयाबीनची आवक लै असते, मुनीमजी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं माऊस चालवायलेत, एडिट दाबायचं ते डिलीट दाबलं आणि पट्टी गेली. मला फोन आला, "ओ सर, शेतकरी समोर बसलाय अन् पट्टी दिसंना की." काट्याचं वजन पावती पुस्तकात लिहिलेलं होतं म्हणून पट्टी परत करता आली, पण तोवर तो माणूस दीड तास बाकड्यावर बसून, आणि त्याला गावाकडची शेवटची एसटी गाठायची होती. हे मला फार लागलं. त्यामुळे डिलीटचं कन्फर्मेशन नीट कसं लावायचं ते सगळं इथं लिहितोय. कोडमधली नावं उच्चारानं लिहिलीत, टाइप करताना इंग्रजीत आणि मधे स्पेस न देता करा.

आधी साधं काम. कमांडफील्ड म्हणजे एडिट-डिलीटच्या तयार लिंका देणारा कॉलम, त्यातलं तयार डिलीट काढून टाका आणि त्याजागी टेम्प्लेटफील्ड, म्हणजे आपण हातानं मांडायचा कॉलम घ्या, त्याच्या आयटमटेम्प्लेटमधे एक लिंकबटन ठेवा, त्याचं कमांडनेम डिलीट असंच पाहिजे, म्हणजे ग्रिडचा रो डिलीटिंग इव्हेंट आपोआप चालतो. मग त्या लिंकबटनाच्या ऑनक्लायंटक्लिक प्रॉपर्टीत लिहायचं रिटर्न, स्पेस, कन्फर्म, आणि कंसात सिंगल कोटमधे तुमचा प्रश्न. ही प्रॉपर्टी २००५ साली एएसपी डॉट नेट २.० मधे ग्रिडव्ह्यूसोबतच आली, त्याआधीच्या डेटाग्रिडला बटनाच्या अ‍ॅट्रिब्यूट्समधे ऑनक्लिक हातानं घालावं लागायचं, जुना प्रोजेक्ट सांभाळत असाल तर तसंच करा, काम तेच होतं.

रिटर्न विसरू नका. बरेच जण नुसतं कन्फर्म लिहितात, बॉक्स येतो, समाधान वाटतं, आणि कॅन्सल दाबलं तरी ओळ उडते. का, तर लिंकबटन म्हणजे शेवटी एक लिंक, तिच्या एचरेफमधे, म्हणजे पत्त्याच्या जागी, पान सर्व्हरला परत पाठवणारं (यालाच पोस्टबॅक म्हणतात) डू पोस्टबॅक बसलेलं असतं, टाइप करताना या नावाच्या आधी दोन अंडरस्कोर, ऑनक्लिकनं फॉल्स परत दिलं तरच ब्राउजर लिंकेवर जायचं थांबतो. कन्फर्मनं फॉल्स दिलं पण तुम्ही ते पुढं पोचवलंच नाही, तर ब्राउजरला काय कळणार. आता याच्या बरोब्बर उलटी गंमत कमांडफील्डचा बटनटाइप बटन ठेवला तर होते, तिथं पोस्टबॅकचा कोड ऑनक्लिकमधेच तुमच्या कोडच्या मागं चिकटतो, त्यामुळे रिटर्न कन्फर्म लिहिलं की ओके दाबून पण काहीच होत नाही, रिटर्ननं तिथंच गाडी थांबवलेली असते. तिथं "इफ नॉट कन्फर्म तर रिटर्न फॉल्स" अशी अट लिहावी लागते. याच कारणानं मी सरळ टेम्प्लेटफील्ड वापरा म्हणतोय. आणि कमांडफील्डच ठेवून कोडमधे त्या कप्प्यातल्या कंट्रोल्सचा दोन नंबर (मोजणी शून्यापासून) पकडून कन्फर्म लावणारे आहेत, त्यांनी एकदा ओळ एडिट मोडमधे उघडून बघा, तिथं त्याच नंबरवर कॅन्सल येतं आणि साधं कॅन्सल दाबलं की "डिलीट करू का" विचारायलंय.

एवढं करून मी आडतीवर दिलं आणि आठच दिवसांत परत फोन. बॉक्स येत होता, पण मुनीमजींच्या बोटाला सवय झालेली, डिलीट, एंटर, डिलीट, एंटर, कारण कन्फर्मच्या बॉक्समधे ओके आधीच निवडलेलं असतं आणि एंटर म्हणजे हो. माझा प्रश्न होता "आर यू शुअर". प्रत्येक ओळीला तोच प्रश्न, मग कोण वाचणार? माणूस तेव्हाच थांबतो जेव्हा प्रश्नात त्याच्या ओळखीचं काही दिसतं. आमच्याकडं बालाजी नावाची माणसं किती असतात माहितीच आहे, एकाच गावातले दोन बालाजी आणि आडनाव पण एकच असं त्या यादीत रोज असतं. म्हणून आता प्रश्न असा येतो, "पट्टी नं. ४१२, बालाजी, सोयाबीन १८ कट्टे. ही पट्टी काढून टाकू का?" कट्ट्यांचा आकडा बघून मुनीमजी थांबतात, कारण त्यांच्या डोक्यात नावापेक्षा कट्टे पक्के असतात. तुमच्या कामात असा आकडा कोणता, ते वापरणाऱ्याला विचारा, कॉलेजच्या ग्रिडमधे रोल नंबर असेल, कृषी सेवा केंद्रात बिल नंबर असेल.

मराठीत प्रश्न लिहिताना "रद्द" हा शब्द टाळा. कन्फर्मच्या बटनांवरचा मजकूर ब्राउजर ठरवतो, आपल्याला बदलता येत नाही, आणि ब्राउजर मराठीत असला तर कॅन्सलच्या जागी "रद्द करा" येतं. आता वर प्रश्न "पट्टी रद्द करू का" आणि खाली बटन "रद्द करा", माणूस हमखास चुकतो. "काढून टाकू का" नाहीतर "डिलीट करू का" लिहा.

ओळीप्रमाणे प्रश्न बदलायला रो डेटाबाउंड इव्हेंट पकडा. आत पहिली अट, रो टाइप डेटारो असला पाहिजे, नाहीतर हेडरच्या ओळीत बटन सापडत नाही आणि नल एरर येतो. मग फाइंडकंट्रोलनं लिंकबटन शोधा, डेटाबाइंडर इव्हॅलनं नंबर, नाव, कट्टे काढा, स्ट्रिंग जोडा आणि ऑनक्लायंटक्लिकला द्या.

आणि इथं एक जागा आहे जी मला सगळ्यात धोक्याची वाटते. मी मेसेजमधे शेरा पण घेतला होता, कोणीतरी शेऱ्यात एंटर मारून दोन ओळी लिहिल्या होत्या. जावास्क्रिप्टमधे कोटातली स्ट्रिंग अशी मधेच तुटली की तो ऑनक्लिकचा कोडच चुकीचा ठरतो आणि ब्राउजर तो अख्खा सोडून देतो. पण लिंक तर जिवंत आहे ना! म्हणजे बाकी सगळ्या ओळींवर प्रश्न येतो आणि नेमकी ती ओळ न विचारता सरळ उडते. सिंगल कोट नावात आला तरी हेच. उपाय एका ओळीचा आहे, डेटाबेसमधून आलेला मजकूर एचटीटीपीयुटिलिटी मधल्या जावास्क्रिप्ट स्ट्रिंग एन्कोड मधून काढून मगच जोडा, डॉट नेट ४ पासून ते तयार मिळतं.

आता सर्व्हरची बाजू. ग्रिडला डेटाकीनेम्स द्या, पट्टीचा आयडी तिथं ठेवा आणि रो डिलीटिंगमधे डेटाकीजमधून रोइंडेक्सनं तो आयडी घ्या. पण पेज लोडमधे ग्रिड दरवेळी बाइंड करत, म्हणजे डेटाबेसमधून नव्यानं भरत असाल तर लक्ष द्या. समजा नवीन पट्टी वर येते, ओळी आहेत ४१५, ४१४, ४१३, ४१२. मुनीमजींनी ४१२ वर डिलीट दाबलं, प्रश्नात पण ४१२ च आलं, ओके केलं. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या पोरानं ४१६ नंबर सेव्ह केला. सर्व्हरवर पेज लोडनं ग्रिड नव्यानं भरला, आता त्याच जागेवर ४१३ आहे, आणि उडते ४१३. माणसानं व्यवस्थित वाचून हो म्हणलं तरी दुसऱ्याचीच पट्टी गेली. म्हणून बाइंड फक्त पोस्टबॅक नसेल तेव्हाच करा, आणि डिलीट झाल्यावर एकदा. डेटाकीज कंट्रोल स्टेटमधे, म्हणजे पानासोबतच जाऊन परत येणाऱ्या साठवणीत राहतात, त्यामुळे ग्रिड परत भरला नाही तर आयडी पडद्यावर दिसत होता तोच मिळतो.

डिलीटसाठी साधी लिंक, पत्त्यात आयडी असलेली, कधीच देऊ नका. २००५ मधे गूगल वेब अ‍ॅक्सिलरेटर हा पानं लवकर उघडायचा प्रोग्राम पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचा आणि त्यात लोकांच्या वेब अ‍ॅपमधल्या नोंदी डिलीट झाल्या होत्या. त्याला जावास्क्रिप्टचा बॉक्स दिसतच नाही. डिलीट पोस्टनंच, म्हणजे फॉर्म सबमिट होऊनच करा आणि या लॉगिनला डिलीटचा हक्क आहे का ते सर्व्हरवर तपासा.

एंटरची सवय मोडायची असेल तर कन्फर्म सोडून डायलॉग एलिमेंट घ्या, २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउजरमधे चालतो. लिंकबटनाचा क्लिक रिटर्न फॉल्सनं थांबवा, त्याचा युनिकआयडी एका व्हेरिएबलमधे ठेवा, शो मोडल करा, आणि "हो, काढा" वर डू पोस्टबॅकला तोच आयडी द्या. ऑटोफोकस "राहू द्या" बटनाला लावा, म्हणजे नुसत्या एंटरनं पट्टी राहते. दोन्ही बटनांना टाइप बटन लिहा, नाहीतर डायलॉग फॉर्मच्या आत असल्यानं ती सबमिट होतात.

पट्टीसारखी पैशाची नोंद असेल तर डिलीटची क्वेरी मुळात चालवूच नका, एक काढली आहे का असा कॉलम, कोणी काढली आणि कधी असे अजून दोन, आणि यादीच्या क्वेरीत काढलेल्या वगळा. आता मोंढ्यातून फोन आला तर मी नंबर विचारतो आणि दोन मिनिटात पट्टी परत दिसते.

देण्याआधी तपासताना दोन टॅब उघडा, एकात नवीन नोंद सेव्ह करा, दुसऱ्यात रिफ्रेश न करता जुन्या ओळीवर डिलीट दाबा आणि डेटाबेसमधे बघा कोणता आयडी गेला. मग शेऱ्यात एंटर आणि सिंगल कोट टाकून तीच ओळ काढून बघा, प्रश्न आला पाहिजे.